प्रति: आकडे पाठ आहेत, पण मोजता येत नाही
मुलगी 20 पर्यंत घडाघडा म्हणते, पण ‘4 बटणं दे’ म्हटलं की मूठभर उचलून देते, असं तुम्ही लिहिलंय. साडेतीन वर्षांच्या वयात हे अगदी स्वाभाविक आहे, काळजी नको. बटणं एकेक बाजूला सरकवत मोजू द्या, आणि मोजून झाल्यावर लगेच ‘मग किती झाली?’ विचारा. ती पुन्हा एकपासून सुरू झाली, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण किती, हे अजून उमगलेलं नाही. तेव्हा आपणच म्हणावं, ‘एक, दोन, तीन. तीन बटणं!’ 2-3 वस्तू मुलं न मोजता नजरेनंच ओळखतात. फाशावरचे ठिपके त्यासाठी फार छान. आकडे गिरवून घ्यायची घाई मात्र कृपया करू नका.