पहिल्या वर्षाचं फिजिक्स: तुमचे अनुभव लिहा

विद्यापीठात पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्राचा जो प्राथमिक अभ्यासक्रम असतो, त्याबद्दल हा धागा. यांत्रिकी, दोलनं, थोडी उष्णता, थोडी वीज आणि जोडीला प्रयोगशाळा. नुसती यादी वाचली तर यात शाळेत न ऐकलेलं फारसं काही नसतं. तरी पहिल्या चाचणीनंतर वर्गातले चेहरे उतरतात, आणि त्यात शाळेत भरघोस गुण मिळवलेलेही असतात. नेमकं कुठे अडतं आणि कुणाचं कशामुळे सुटलं, ते ऐकायचं आहे. ‘रोज अभ्यास करा, सूत्रं लिहून काढा’ छापाचे सल्ले नकोत, ते सगळीकडे मिळतात. एखादं गणित, एखादा प्रयोग, एखादा तास असं नेमकं सांगा. शिकवणाऱ्यांनीही लिहा. ज्यांना हा विषय नाइलाजाने घ्यावा लागला त्यांनी तर जरूर लिहा.

स्पर्शिका

आमच्या पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, नाणं सरळ वर फेकलं, हवेचा विरोध सोडून द्या, तर वर जाताना त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? बहुतेकांनी दोन सांगितली: खाली गुरुत्वाकर्षण आणि वर ‘हाताचं बल’. हात तर केव्हाच सुटलेला! मग पुढचा प्रश्न, अगदी वरच्या टोकाला त्वरण किती? वर्ग एका सुरात म्हणाला, शून्य. सर शांतपणे म्हणाले, तिथे वेग शून्य आणि त्वरणही शून्य, मग ते नाणं खाली यायचं कशाला? तिथेच राहील की.

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हे वर्गात प्रत्येकाला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पण गती चालू ठेवायला बल लागतं ही समजूत त्या सूत्राच्या खाली जशीच्या तशी बसलेली होती, आणि दोघींचं एकमेकींशी कधी भांडण झालं नव्हतं. ते त्या तासाला झालं. तेव्हापासून कुठल्याही बलाबद्दल मी आधी एकच विचारते: हे कोण लावतंय? लावणारी वस्तू दाखवता आली नाही, तर ते बल आकृतीतून खोडायचं. फ्री बॉडी डायग्रामची (एका वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीची) निम्मी भीती तिथेच गेली.

शून्यत्रुटी

मी हा अभ्यासक्रम बरीच वर्षं शिकवते आहे. स्पर्शिका यांचं नाणं आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे. १९९२ साली हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी अशा प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली, फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी. तिच्यात आकडेमोड नाही. पर्यायांमधून उत्तर निवडायचं, आणि चुकीचे पर्याय मुलं खरोखर जे बोलतात त्यातूनच घेतलेले. ती पहिल्यांदा पाहिली तर प्राध्यापकांना फार सोपी वाटते, मग आपल्या वर्गाचे निकाल येतात.

१९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे आधीचे आणि नंतरचे गुण एकत्र मांडले. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं किती आलं, हे मोजलं. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ०.२३, आणि वर्गातच मुलांना विचार करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८. व्याख्यान कितीही रंगलं तरी फरक फारसा पडत नाही, हे त्यातलं बोचणारं. (रंगलेल्या व्याख्यानाचा अभिमान मलाही आहे, म्हणून जास्त बोचतं.)

आता मी हार्वर्डच्या एरिक मेझर यांनी रूढ केलेली पद्धत वापरते. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने गप्प राहून उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा हात वर. माझा आवडता प्रश्न ट्रक आणि छोट्या गाडीच्या टकरीचा: कोणावरचं बल जास्त? न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेली मुलंही ‘गाडीवरचं’ म्हणतात, कारण चेंदामेंदा गाडीचा होतो. बल दोघांवर सारखंच असतं, त्वरण गाडीचं जास्त असतं. हे मी सांगून जितकं पटतं त्याहून शेजारच्या मुलाने हातवारे करून सांगितल्यावर जास्त पटतं. नेहमी नाही. वर्गात योग्य उत्तर अगदी मोजक्यांकडे असलं, तर चर्चेत चुकीचं उत्तरच आणखी घट्ट होतं. तेव्हा गुमान फळ्याकडे वळायचं.

अर्धवर्तुळ

चिन्हं. वर धन की खाली धन हे गणिताच्या पहिल्या ओळीत लिहायचं आणि शेवटपर्यंत बदलायचं नाही. माझं पहिलं सत्र एवढ्यावर सुटलं. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

तिरकी पट्टी

मी प्रयोगशाळेबद्दल लिहिणार. साधा लंबक. सगळ्यांना वाटतं, हे काय, शाळेत केलंय.

आमच्या मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, वीस दोलनांचा वेळ का घ्यायचा, एकाचा का नाही? मीटरभर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल जवळजवळ २ सेकंद. स्टॉपवॉच दाबताना बोट ०.२ सेकंद इकडेतिकडे होतं असं धरा. एकाच दोलनात ती १० टक्के चूक. वीस दोलनांत तेवढीच ०.२ सेकंदांची चूक ४० सेकंदांत वाटली जाते, म्हणजे अर्धा टक्का. आणि गुरुत्व त्वरणाच्या सूत्रात आवर्तकालाचा वर्ग येतो, म्हणून तिथे चूक दुप्पट: २० टक्के की १ टक्का, निवडा. हे ऐकेपर्यंत ‘वीस’ हा माझ्यासाठी जर्नलमधला नुसता आकडा होता.

पण खरी मजा आलेखात आहे. लांबी टांगल्या जागेपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत मोजायची असते. आमच्या गटाला मॅडमनी मुद्दाम फक्त दोरीची लांबी घ्यायला लावली, गोळ्याची त्रिज्या सोडून. मग आवर्तकालाचा वर्ग विरुद्ध लांबी असा आलेख काढला. रेषा सरळ आली, पण आरंभबिंदूतून गेली नाही. आणि चढावरून काढलेलं उत्तर? बरोबर! त्रिज्या प्रत्येक वेळी तेवढीच सुटते, म्हणून रेषा नुसती सरकते, तिचा चढ बदलत नाही. शिवाय रेषा जिथे लांबीचा अक्ष कापते तिथून सुटलेली त्रिज्याही मिळते. एकेका वाचनातून उत्तर काढून सरासरी घेतली असती तर प्रत्येक उत्तरात ती चूक राहिली असती. आलेख ‘काढायचा असतो म्हणून’ काढत नाहीत, हे मला तिथे कळलं.

वाचनं जुळवणाऱ्या मंडळींसाठी: गुरुत्व त्वरणाच्या ९.८ या पुस्तकी आकड्यावरून उलट गणित करून आवर्तकाल लिहिणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात. तुमची वाचनं अति गुळगुळीत असतात, म्हणून पकडली जातात. आणि तो आकडाही सगळीकडे एक नाही, विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३. शिवाय लंबक ३० अंशांवरून सोडलात तर आवर्तकाल पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो. तेव्हा ९.८ नाही आलं तर खोडरबर उचलण्याआधी कोन बघा.

निरीक्षण वही

तिरकी पट्टी, तुमच्या आलेखाचंच भावंड न्यूटनच्या कड्यांमध्ये (सपाट काचेवर भिंग ठेवून प्रकाश टाकला की दिसणाऱ्या गडद-उजळ वर्तुळांमध्ये) आहे. मी प्रयोगशाळा सांभाळतो. मुलं विचारतात, एका कड्याच्या व्यासावरून तरंगलांबी निघत असताना दोन कड्यांच्या व्यासांच्या वर्गांतला फरक कशाला घ्यायचा? भिंग आणि काच मधोमध नीट टेकलेली असतीलच असं नाही, धुळीचा एक कणही पुरतो. त्यामुळे अमुक कडं नक्की कितवं याची खात्री नसते. फरक घेतला की ती भानगडच जाते.

दुसरं, सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू एकाच दिशेने फिरवा. डावीकडच्या लांबच्या कड्यापासून निघून मध्य ओलांडून उजवीकडे जा. मागे-पुढे केलंत की आट्यांमधला ढिलेपणा वाचनात शिरतो. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी ५८९.३ नॅनोमीटरच्या जवळ येणं अवघड नाही. जे येत नाहीत त्यातल्या बऱ्याच जणांनी स्क्रू मध्येच उलटा फिरवलेला असतो.

काठावरचा बाक

मी जीवशास्त्राची. हा विषय सक्तीचा होता आणि उतरत्या पृष्ठभागावरचे ठोकळे पाहून माझा जीव मेटाकुटीला यायचा. आमच्या शिक्षकांनी बहुतेक वेळ ठोकळ्यांवरच घालवला, याबद्दल माझी अजून तक्रार आहे. माझं सुटलं ते एका बदली शिक्षिकेच्या तासात. त्यांनी विचारलं, प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठा केला तर काय होईल? वजन आठपट, हाडाचा छेद फक्त चौपट, म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार. म्हणून हत्तीचा पाय हरणाच्या पायाची मोठी प्रत नसतो. गॅलिलिओने १६३८ साली हे हाडांच्या चित्रासकट छापलं होतं.

त्याच आठवड्यात नळीतला प्रवाह आला. बाकी सगळं तेच ठेवून त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह सोळावा हिस्सा होतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. रक्तवाहिनी जराशी अरुंद झाली तर एवढा गोंधळ का होतो, हे मला शरीरशास्त्राच्या आधी इथे समजलं. जीवशास्त्राच्या मुलांना हा अभ्यासक्रम इथून सुरू करा ना! ठोकळे पळून जात नाहीत.

ढकलगाडी

माझी अडचण गणिताची. इंटिग्रेशन गणिताच्या वर्गात यायच्या आधीच फिजिक्समध्ये जडत्व आघूर्ण आलं, म्हणजे वस्तू फिरवायला किती जड जाते त्याचं माप. फळ्यावर ‘वस्तुमानाचा अतिसूक्ष्म तुकडा घेऊ’ म्हणत, पण तो तुकडा कसा घ्यायचा हे कुणी दाखवत नव्हतं. एका वरच्या वर्गातल्या ताईने कागदाची चकती कात्रीने बारीक कड्यांमध्ये कापून पुढ्यात ठेवली. प्रत्येक कड्याचं मध्यापासूनचं अंतर ठरलेलं, वस्तुमान त्याच्या क्षेत्रफळाइतक्या वाट्याचं, आता बेरीज कर. कडं, चकती, भरीव गोळा उतारावर न घसरता सोडले तर त्वरण घर्षण नसलेल्या ठोकळ्याच्या अनुक्रमे १/२, २/३ आणि ५/७. वस्तुमान, त्रिज्या काहीही असो, गोळा जिंकतो. ताईने ती शर्यत लावूनही दाखवली.

सोडून दिलेला

मी दुसऱ्या वर्षी विषय बदलला. माझं मत थोडं कडू आहे. वर्षभर सतराव्या शतकातली यांत्रिकी, आणि ज्यासाठी आम्ही आलो होतो ते क्वांटम आणि सापेक्षता शेवटच्या प्रकरणात. ते प्रकरण ‘वेळ नाही’ म्हणून गाळलं. स्प्रिंगला बांधलेलं वजन मी किती वेळा हलवलं याला गणती नाही.

शून्यत्रुटी

शेवटचं प्रकरण गाळलं जातं हे खरं, आणि ते चूकच आहे. पण स्प्रिंगच्या बाबतीत माझं मत वेगळं. विस्थापनाच्या जागी विद्युतभार लिहा, वस्तुमानाच्या जागी कॉइलचं इंडक्टन्स, स्प्रिंगच्या ताठरपणाच्या जागी एक भागिले कपॅसिटन्स, आणि घर्षणाच्या जागी रोध. समीकरण अक्षरशः तेच राहतं. रेडिओचं स्टेशन लावणं म्हणजे त्या स्प्रिंगची नैसर्गिक वारंवारता बदलणं. पुढे रेणूंची कंपनं येतात, तिथेही पहिलं मॉडेल स्प्रिंगचंच, आणि क्वांटममध्ये ज्या मोजक्या प्रणाली कागदावर पूर्ण सुटतात त्यांतली एक तीच आहे. माझी मुलं विद्युत मंडलांना पोचतात तेव्हा मी नवीन काही न सांगता जुनी वही उघडायला लावते आणि अक्षरं बदलून घ्या म्हणते. ज्यांनी वजन खरंच हलवून पाहिलेलं असतं त्यांचं ते प्रकरण एका बैठकीत होतं.