मदत हवी आहे: छोट्या अणुभट्टीच्या हिशेबात ‘परवाना’ कुठे मांडायचा?

नमस्कार मंडळी,

छोट्या अणुभट्ट्यांच्या (एसएमआर) खर्चाची एक्सेल शीट करतोय आणि एकाच ओळीपाशी अडकलोय: ‘परवाना’.

उदाहरणाला अमेरिकेतला आयडाहोचा, नुस्केल कंपनीच्या भट्ट्यांचा प्रकल्प घेतलाय. त्यांच्या ५० मेगावॅटच्या मॉड्यूलच्या (म्हणजे एका छोट्या भट्टीच्या) डिझाइनला तिथल्या नियामक आयोगाची (एनआरसी) मान्यता जानेवारी २०२३ मध्ये मिळाली. अर्ज १२,००० पानांचा, खर्च ५० कोटी डॉलरच्या वर. आणि नेमक्या त्याच महिन्यात विजेचा अंदाजित दर मेगावॅट-तासाला ५८ वरून ८९ डॉलर झाला, तोही सरकारी सवलत धरून! कारणं दिली पोलाद आणि व्याजदर. नोव्हेंबरात प्रकल्पच गुंडाळला. बरं, तिथे बसणार होती ७७ मेगावॅटची सहा मॉड्यूल. त्या डिझाइनला मान्यता आली मे २०२५ मध्ये.

माझा हिशेब: प्रकल्पाचा अंदाजित खर्च ९३० कोटी डॉलर भागिले सहा मॉड्यूलचे ४६२ मेगावॅट, म्हणजे किलोवॅटला साधारण २०,००० डॉलर. मान्यतेचे ५० कोटी सगळे याच प्रकल्पावर टाकले तरी वाट्याला जेमतेम १,१०० येतात. मग ‘परवान्यामुळे महाग’ असं जो तो म्हणतो ते कशाच्या जोरावर? की माझंच काही चुकतंय?

प्रतिसाद १
भागाकार बरोबर आहे. पण उशिराची ओळच नाही तुमच्या शीटमध्ये, ती व्याजाखाली घाला. ९३० कोटी गुंतलेत आणि व्याज ८ टक्के, असं धरा. वर्षभर रखडलं की ७४ कोटी गेले. म्हणून परवान्याचा मार्ग कुठला ते आधी बघा. एनआरसीच्या नियमांतल्या ‘भाग ५२’ने बांधायचा आणि चालवायचा परवाना एकत्र मिळतो. ‘भाग ५०’मध्ये आधी बांधायचा, चालवायचा नंतर. अमेरिकेतच वायोमिंगमध्ये टेरापॉवर कंपनीने हा दुसरा धरलाय. काम लवकर सुरू होतं, पण पैसा काँक्रीटमध्ये ओतून झाल्यावरही एक सही बाकी राहते.

धागाकर्ता
आत्ता लक्षात आलं, धन्यवाद! अजून एक. कॅनडात ओंटारियोतल्या डार्लिंग्टनला चार छोट्या भट्ट्यांच्या खर्चाचा अंदाज २,०९० कोटी कॅनडियन डॉलर आहे. पहिली ६१०, सामाईक कामं १६०, म्हणजे उरलेल्या तिघी सरासरी ४४०. उशीरही याच प्रमाणात उतरता धरू का?

प्रतिसाद २
नको. चौघींतली एकही अजून सुरू झालेली नाही. ४४० हाही कागदावरचाच आकडा. उशीर चौघींना सारखाच धरा, आणि पहिलीचे खरे आकडे आले की बदला.