मे महिन्यात दाखवायचं म्हणून पाहिलेलं गाव

मांडवीची
आमच्याकडे मे महिन्यात पाहुणे किती आले ते रात्री पडवीत पडलेल्या गाद्यांवरून कळतं. यंदा अकरा. त्यात डोंबिवलीच्या भाऊजींची दोन मुलं. धाकट्याने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "काकू, रत्नागिरीत बघण्यासारखं काय आहे?" मी लग्न होऊन इथे आले त्याला बावीस वर्षं झाली. म्हटलं, समुद्र. तर म्हणाला, "तो मुंबईलाही आहे."

आता आली का पंचाईत! मग सगळ्यांना रिक्षात कोंबून थिबा पॅलेसला नेलं. त्या रस्त्याने भाजीची पिशवी घेऊन मी हजार वेळा गेले असेन, आत मात्र एकदाच, लग्नानंतर, तेही फोटोसाठी. या वेळी नीट वाचत फिरलो. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं, १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. वाडा पुरा झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये राजा गेला. धाकट्याने बोटांवर हिशेब केला, "म्हणजे चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यात नि सहाच वर्षं स्वतःच्या घरात?" भाऊजी हळूच म्हणाले, "आमचं डोंबिवलीत तसंच चाललंय."

तेव्हा वाटलं, आपण इथले लोक आपलं गाव बघतो ते फक्त दुसऱ्याला दाखवायच्या निमित्ताने. तर सांगा बघू. उन्हाळ्यात तुमच्या गावात, शहरात काय चालतं, तुम्ही कुठे गेलात, कशात हात घातलात? किल्ला, देऊळ, वाडीची पूजा, व्याख्यानं, वाळवणं, काहीही चालेल. आंब्याचे भाव तेवढे नकोत. ते घराघरात रोज रात्री होतंच.

निवृत्त मास्तर
बाई, पाहुणे नसताना पाहणारेही आहेत इथे, थोडे आहेत इतकंच. मी सात वर्षं मे महिन्यातल्या रविवारी सकाळी साडेसहाला मुलांना घेऊन गावात चालतो. फी नाही, टोपी आणि पाण्याची बाटली सक्तीची. नऊच्या आत घरी, कारण पुढे ऊन ऐकत नाही.

टिळक आळीपासून सुरुवात. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, हे मुलांना पाठ असतं. घर कसलं बांधलंय ते मात्र एकालाही सांगता येत नाही. मग जांभ्याच्या चिऱ्यावर हात ठेवायला लावतो. खाणीतून काढला तेव्हा मऊ, वाऱ्यापावसाने घट्ट होत गेलेला. हे कळलं की मुलं पुढे प्रत्येक भिंतीला हात लावत येतात, कपडे तांबडे होतात आणि आयांची बोलणी मी खातो.

नंतर पतितपावन मंदिर. सावरकरांचा पुढाकार, भागोजीशेठ कीरांचा पैसा, १९३१ साल, सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश. एवढं मी दरवर्षी सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने विचारलं, "मग त्याच्या आधी आत कोणाला सोडत नव्हते?" मी पुस्तकी उत्तर सुरू केलं. तोवर नातवाबरोबर आलेले एक आजोबा म्हणाले, "आमका." त्यांचे वडील एका देवळाच्या पायरीखाली उभे राहून नारळ वर देत असत. पुजारी तो घ्यायचा, पण हात लागू नये म्हणून आधी खाली ठेवायला सांगायचा. पंधरा मुलं एकदम गप्प. त्या दिवशी पुढचा कार्यक्रम मी रद्द केला, सगळे तिथेच पायरीवर बसलो आणि आजोबा बोलत राहिले. ते आता नाहीत.

सड्यावरचा
आमचं घर राजापूर तालुक्यात, सड्याला, म्हणजे कातळाच्या उघड्या माळाला लागून. लहानपणी आम्ही सड्यावर क्रिकेट खेळायचो. कातळात खोदलेली एक लांब रेघ होती, ती आमची क्रीज. तिच्यापुढे गेलास तर आऊट. ती रेघ एका मोठ्या माशाच्या पोटाची होती हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं, जेव्हा सुधीर रिसबूड, धनंजय मराठे अशा मंडळींनी गावोगाव पायपीट करून कातळशिल्पांच्या नोंदी केल्या, पेपरात छापून यायला लागलं आणि गावात गाड्या यायला लागल्या.

कशेळीचा हत्ती जवळजवळ अठरा मीटर लांब आहे. त्याच्यावर उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. चार पावलं मागे, मग आणखी चार, असं करत जावं लागतं. उक्षी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी ही आपली ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तात्पुरत्या, हे लक्षात असू द्या. गावातल्या एका पुढाऱ्याने तेवढ्यावर पेढे वाटले होते.

येणाऱ्यांना दोन विनंत्या. दुपारी येऊ नका. सड्यावर झाड नाही, चपलेचा तळ चिकटतो, शिवाय सूर्य डोक्यावर असला की रेघेत सावली पडत नाही आणि चित्र दिसत नाही. सकाळी आठच्या आत नाहीतर पाचनंतर या. दुसरी, फोटो चांगला येतो म्हणून रेघांत खडू किंवा रांगोळी भरू नका. गेल्या मेमध्ये मी एका कुटुंबाला अडवलं तर गृहस्थ म्हणाले, "पावसात जाईल हो धुऊन." रेघा पण जातील की हळूहळू.

मालवणचो मामा
आमच्या मालवणात मे म्हयन्यात घरात पाय ठेवूक जागा गावना नाय. औंदा भयणीचे दोन झील इले मुंबयसून. किल्लो बघूचो, किल्लो बघूचो, एकच धोशो. माझो आजो म्हणा, "किल्लो काय खंय पळान जाता? उद्या जावा." असा उद्या उद्या करता करता माझी पन्नास वर्षां गेली. मी सिंधुदुर्गार शाळेच्या सहलीत गेलंय त्याच्या मागसून आताच.

होडयेत बसलव. धाकटो म्हणता, "मामा, भोवती सगळा खारा पाणी, मगे थंय माणसां पितत काय?" दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तीन बावी, तीनव गोड्या पाण्याच्यो. महाराजांनी १६६४ सालात पायो घातल्यानी तेव्हा जागा बघून घातल्यानी, उगाच न्हय. पोर बावीच्या काठार येवन अर्धो तास वाकान बघी होतो. हाताचो नि पायाचो ठसो बघलो, शिवराजेश्वराक नमस्कार केलो, पण घराक येवन सगळ्यांका सांगल्यान ती बावच.

२०२५ सालात किल्ल्याचा नाव जागतिक वारशाच्या यादीत इला. बरा झाला. पण पावस जवळ इलो की होड्यो बंद, म्हणान येवचा असात तर मे संपाच्या आधी येवा.

डोंबिवलीकर (जन्म रत्नागिरी)
मी थोडं वाकडं लिहितो. गेल्या वर्षी रजा काढून एका मोठ्या उन्हाळी महोत्सवाला गेलो. कुठला ते सांगत नाही. पत्रिकेत लोककला, वारसा वगैरे शब्द होते. सात वाजता सत्कार सुरू झाले, साडेनऊपर्यंत शाली चालू होत्या. लोककला आली पावणेअकराला, तीही वीस मिनिटांत आवरायला सांगितली, कारण मागे ऑर्केस्ट्रा ताटकळला होता. मृदंगवाला माझ्या ओळखीचा. तो पहाटे दोनच्या गाडीने गावी गेला, मानधनाबरोबर मिळालेली शाल घेऊन. घरात आता तेरा शाली आहेत म्हणाला, पांघरायला मात्र गोधडीच.

खालची आळी
वारसा म्हटलं की किल्ले नि देवळं. घराच्या शाकारणीबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही?

आमचं घर मंगलोरी नव्हे, नळीच्या कौलांचं. दर मेमध्ये सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, खालच्या रिपा बघायच्या आणि परत चढवायची. पूर्वी आळीतली दहा माणसं मिळून एकेक घर करायची, आज तुमचं, उद्या आमचं. आता शाकारायला येणारे दोघेच उरलेत, दोघांची साठी उलटलेली. त्यांची तारीख मिळवायला मी शिमग्यातच नारळ देऊन ठेवते. यंदा माझ्या पुण्याच्या भाच्याने वर चढायचा हट्ट धरला. कौलं कुठून लावत न्यायची हेही त्याला माहीत नव्हतं. खालून वर, वरचं कौल खालच्यावर चढलं पाहिजे, नाहीतर पाणी आत. पहिल्या दिवशी त्याने सात कौलं फोडली. दुसऱ्या दिवशी दोन.

त्याच आठवड्यात अंगणात आमसुलं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं फोडायची, बिया आणि गर वेगळा करायचा, सालींना त्याच रसाची आणि मिठाची पुटं देत रोज वाळवायच्या. शेजारच्या चार घरांतल्या बायका एकत्र बसतो. हात जांभळे, गप्पांना अंत नाही. याला कोणी 'कार्यशाळा' म्हटलं तर पाचशे रुपये लावता येतील असं माझी सून म्हणते. मी म्हटलं, आधी बिया काढ.

मांडवीची
वहिनी, त्या बिया फेकू नका हं, कोकमतेलाला लागतात. आणि तुमच्या भाच्याला आमच्याकडेही पाठवा. पाच कौलांपर्यंत चालतील.

पूर्णगडजवळचा
एप्रिलची गोष्ट, पण उन्हाळाच. गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपतात. मादी रात्री येते, वाळूत गुडघाभर खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. ती अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोलीवर पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं. यात नवल वाटलं ते म्हणजे वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर. जिल्ह्यात हे काम वेळासला २००२ च्या सुमारास सुरू झालं, तिथे आता कासव महोत्सवही भरतो.

माझ्या मुलीला घेऊन पहाटे तीन दिवस गेलो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. ती वैतागली. तिसऱ्या दिवशी अंडी पुरलेल्या जागेवरची टोपली उचलली तर खाली वाळू हलत होती. बावीस पिल्लं. दोरीच्या मागे उभं राहून बघायचं, हात लावायचा नाही. एक उलट फिरून आमच्याकडे चालू लागलं, तेव्हा मुलगी त्याला कुजबुजत ओरडत होती, "तिकडे! तिकडे!"

सावंतवाडीची आत्या
आमच्याकडे भाचीला गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवायला बसवली. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, सगळी गोल. तिला वाटलं संध्याकाळपर्यंत एक तरी अवतार होईल. दिवसभरात एका पानाची कडा झाली, तीही वाकडी. राजवाड्यात रंगवणारे कलाकार पाहिले तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते श्वास सोडून रेघ ओढतात. आता घरी जेवताना ताटाच्या कडेवर बोट फिरवते, श्वास सोडून.

संगमेश्वरी
डोंबिवलीकर, तुमच्या मृदंगवाल्याला आमच्या वाडीत पाठवा. आमची वाडीची सत्यनारायणाची पूजा मेच्या दुसऱ्या आठवड्यात असते, चाकरमान्यांच्या रजा बघून तारीख धरतात. सकाळी पूजा, दुपारी जेवण, संध्याकाळी हळदीकुंकू आणि रात्री दहाला नमन, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. स्टेज म्हणजे आमचं खळं. संकासूर काळ्या कपड्यांत, उंच टोपी घालून आला की पुढे बसलेली पोरं रडायला लागतात आणि मागच्या म्हाताऱ्या हसायला. गौळणी सगळे पुरुष. त्यातला एक बँकेत ऑफिसर आहे, वर्षभर बोरिवलीच्या लोकलमध्ये गौळणीची पदं घोकतो आणि मेमध्ये चार दिवसांची रजा टाकून साडी नेसतो. यंदा त्याला बढती मिळून बदली झाली, रजा मिळेना. तरी आला. म्हणाला, "मावशीचं काम दुसऱ्या कोणालाही करू द्या, राधा मी सोडणार नाही."

पहाटे चारला वग संपला. सत्कार एकच, जिने सत्तर माणसांच्या भाकऱ्या भाजल्या तिचा. शाल नाही दिली, फणस दिला. कापा, बरका नव्हे.

मांडवीची
मास्तर, रविवारी साडेसहाला नक्की कुठे उभं राहायचं? पाच मुलं आहेत आणि एक भाऊजी. टोप्या चारच सापडल्यात, पण मी आणते बघून.