चोडणचा काळा चिखल ही प्रदूषणाची खूण मानावी काय?

डिचोलीचा_मास्तर:
आमच्या शाळेच्या निसर्ग मंडळाची मुले ओहोटीच्या वेळी गोव्यातील मांडवी नदीतल्या चोडण बेटाच्या खारफुटीत गेली होती. चिखलावर पिवळसर-तपकिरी, किंचित चकाकणारा थर होता. काठीने दोन बोटे उकरताच काळाकुट्ट गाळ लागला आणि कुजक्या अंड्यांसारखा वास सुटला. मुलांनी वहीत ‘प्रदूषण’ अशी नोंद केली आहे. ती योग्य आहे काय? पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरील वाळूत असे का दिसत नाही?

सागरतळ:
सर, एवढ्यावरून ती नोंद टिकणार नाही. वरचा तपकिरी थर डायाटम या सूक्ष्म शैवालांचा असावा. ओहोटीला उजेड मिळताच ती वर सरकतात आणि भरतीपूर्वी गाळात उतरतात. अशा बारीक चिखलात प्राणवायू जेमतेम काही मिलिमीटर शिरतो, कारण वरचे जिवाणूच तो संपवून टाकतात. त्याखालचे जिवाणू नायट्रेट, मग मँगनीज व लोहाची ऑक्साइडे आणि शेवटी समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरून पाने-मुळांचा कुजका अंश पचवतात. सल्फेट वापरले गेले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो; वास त्याचा, आणि लोहाशी त्याचा संयोग झाल्यावर येणारा काळा रंगही त्याचाच. मिरामारची वाळू भरड असल्यामुळे लाटांचे पाणी तिच्यातून खेळते आणि प्राणवायू खोलवर पोहोचतो. पुढच्या वेळी खेकड्याचे बीळ उभे कापून पाहा: काळ्या गाळातही बिळाची भिंत बहुधा तांबूस दिसेल, कारण खेकडा आत-बाहेर करताना पाणी आणि त्याबरोबर प्राणवायू आत नेतो.

रापणकार:
वरील खुलासा मान्य आहे, तरी गाळाला सरसकट निर्दोष ठरवू नये. सांडपाणी सतत येत राहिले तर कुजणारे द्रव्य वाढते, काळा थर पृष्ठभागापर्यंत चढतो आणि खुबे-तिसऱ्या मरतात. म्हणून रंगापेक्षा वरचा थर किती जाड आहे आणि त्यात जिवंत प्राणी आहेत की नाहीत, हे मुलांनी नोंदवावे. किनाऱ्यापासून दूर मात्र असा प्राणवायूचा अभाव दरवर्षीच घडतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचे थंड, प्राणवायूने दरिद्री पाणी गोव्याच्या उथळ समुद्रात वर येते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर हे वर्षानुवर्षे मोजले आहे. त्या दिवसांत नायट्रेट वापरणारे जिवाणू जोर धरतात आणि नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात निर्माण होतो.

सागरतळ:
चिखलातील जिवाणूंचे हे थर वर्गात दाखवायचे असल्यास विनोग्राद्स्कीचा स्तंभ, म्हणजे ते काचेतून दिसतील अशी चिखलाची बरणी, करावा. उंच काचेच्या बरणीत तोच चिखल, थोडे कागदाचे तुकडे आणि उकडलेल्या अंड्याचा बलक मिसळून भरावा, वर खाडीचे पाणी ओतावे आणि बरणी खिडकीत ठेवावी. काही आठवड्यांत काळे, हिरवे, कधी जांभळे पट्टे उमटतात. हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांतील काही जिवाणू उजेडाच्या बळावर सल्फाइड वापरतात, पण प्राणवायू सोडत नाहीत. झाकण सैल ठेवावे आणि बरणी उघड्या हवेतच उघडावी, कारण हायड्रोजन सल्फाइड विषारी असतो.