लावी रद्द केलं ते इस्रायलच्या पथ्यावर पडलं, की ही नंतर रचलेली गोष्ट?

चौकस_चंदू (धागाकर्ता):

तेजसच्या इंजिनांना उशीर झाला की सगळीकडे रडारड सुरू होते आणि त्यात हमखास कोणीतरी इस्रायलचं उदाहरण फेकतो, की बघा त्यांनी लावी हे स्वतःचं फायटर (लढाऊ विमान) सरळ बंद केलं आणि त्यामुळेच ते टेक्नॉलॉजीत पुढे गेले. म्हटलं एकदा यावर नीट भांडून घेऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८० मध्ये एझर वाइझमन संरक्षणमंत्री असताना लावीला मंजुरी मिळाली. तेव्हा कल्पना होती स्कायहॉक या जुन्या अमेरिकन विमानाची जागा घेणारं छोटं, स्वस्त, बॉम्ब टाकून परत येणारं विमान. मग वर्षभरात मोठं इंजिन ठरलं, प्रॅट अँड व्हिटनीचं पीडब्ल्यू-११२०, आणि विमान वाढत वाढत थेट अमेरिकेच्या एफ-१६ च्या पंगतीला जाऊन बसलं. ३०० विमानं बनवायचा बेत होता. ३१ डिसेंबर १९८६ ला मेनाहेम श्मूल या टेस्ट पायलटने पहिलं उड्डाण केलं, २६ मिनिटांचं, आणि विमान मस्त उडालं. पुढच्याच वर्षी ३० ऑगस्टला मंत्रिमंडळात मतदान झालं, १२ विरुद्ध ११, एक तटस्थ. खेळ खल्लास.

माझं मत: बंद केलं ते बरोबर केलं. कितीतरी इंजिनियर मोकळे झाले, ज्या गोष्टी लावीसाठी शिकले त्या त्यांनी रडार, ड्रोन, सॅटेलाइट, क्षेपणास्त्रं यात ओतल्या. पहिला ओफेक उपग्रह सप्टेंबर १९८८ मध्ये वर गेला, शत्रूची क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या अॅरोचा करारही त्याच वर्षी झाला. विमान गेलं पण विद्या राहिली. आता घाला शिव्या.

---

खडूस_काका:

शिव्या नाही घालत पण ही गोष्ट ऐकून ऐकून कान किटले. ओफेक १९८८ मध्ये उडाला म्हणजे त्याचं काम लावी चालू असतानाच वर्षानुवर्षं सुरू होतं ना? उपग्रह काय वर्षभरात उगवतो का? लावी गेलं म्हणून ओफेक आला हे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

आणि हाय-टेकचं म्हणशील तर १९८९ नंतर सोव्हिएत युनियनमधून लाखो माणसं इस्रायलला आली, त्यात इंजिनियर आणि शास्त्रज्ञांची भरमार. १९९३ मध्ये सरकारने योझ्मा नावाची योजना काढून १० कोटी डॉलर नव्या कंपन्यांना भांडवल देणाऱ्या व्हेंचर फंडात घातले. चेकपॉइंटसारखी सायबर सुरक्षेची कंपनी काढणारी पोरं लष्करातल्या सिग्नल इंटेलिजन्समधून आली होती, विमान कारखान्यातून नाही. या सगळ्याचं श्रेय एका रद्द झालेल्या विमानाला द्यायचं हा कोणता हिशोब?

---

लोहगावकर:

काका तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पण पैशाकडे बघा की जरा. १९८४ मध्ये तिथे महागाई ४०० टक्क्यांच्या वर होती, दुकानदार भावाच्या पाट्या बदलून थकत होते. १९८५ मध्ये सरकारने खर्चाला कात्री लावली, चलनातली तीन शून्यं उडवली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. असल्या देशाने फायटर बनवायचं? आणि बनवत तरी कोणाच्या पैशाने होते, बहुतेक सगळा पैसा अमेरिकेच्या मदतीतला. पेंटागॉनमधले डोव्ह झाकहाइम आकडे घेऊन बसले, इस्रायल म्हणे एक विमान १५ मिलियन डॉलरला पडेल, पेंटागॉन म्हणे २२. इतका फरक असेल तर ज्याचा पैसा आहे तो विचारणारच.

बरं विरोध फक्त अमेरिकेचा होता का? तर नाही, खुद्द इस्रायलच्या लष्करातही लोकांना वाटत होतं की हे एक विमान सगळं बजेट गिळणार, मग रणगाडे, तोफा, हेलिकॉप्टर यांचं काय. संरक्षणमंत्री राबिन विरोधात, अर्थमंत्री मोशे निसिम तर पंतप्रधानांच्याच लिकुड पक्षाचे असून विरोधात, पंतप्रधान शामीर मात्र बाजूने. आपल्याकडे असं मतदान झालेलं कधी ऐकलंय का, पंतप्रधान हरले आणि प्रकल्प बंद?

---

खडूस_काका:

@लोहगावकर, "ज्याचा पैसा तो विचारणारच" हेच तर दुखणं आहे. लावी तयार झालं असतं तर ते एफ-१६ चं गिऱ्हाईक पळवणारं विमान झालं असतं, आणि अमेरिकेने आपल्याच पैशाने आपल्याच कंपन्यांना स्पर्धक का उभा करावा? त्यांच्या जागी तेही बरोबर. पण मग "इस्रायलने शहाणपणाने निर्णय घेतला" असं नका म्हणू, हात पिरगाळला होता असं म्हणा.

इतिहास बघा. १९६७ मध्ये फ्रान्सच्या द गॉलने शस्त्रविक्रीवर बंदी घातली, ५० मिराज विमानांचे पैसे घेतले होते तरी दिली नाहीत. त्या चटक्यातून इस्रायलने नेशेर आणि मग क्फिर ही विमानं बनवली. क्फिरमध्ये अमेरिकन इंजिन, म्हणून १९७७ मध्ये इक्वेडोरला विकायला निघाले तर अमेरिकेने नाही म्हणून सांगितलं. दोनदा हात पोळल्यावर माणूस स्वतःची चूल मांडायला बघतो ना? ती चूल १९८७ मध्ये विझवली आणि लोक टाळ्या वाजवतायत.

---

चौकस_चंदू:

काका, चूल स्वतःची होती कुठे! इंजिन अमेरिकन. पंख कंपोझिटचे, ते डिझाइन करून पहिले बनवून दिले अमेरिकेतल्या ग्रुमनने. क्फिरला जो फास बसला तोच लावीला बसला असता. ३०० विमानं बनवून बाहेर एक विकता आलं नसतं तर किंमत कुठे गेली असती याचा विचार करा.

उलट लावीच्या पोटातलं सामान बघा, ते इस्रायलचं स्वतःचं होतं. रडार, इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर (शत्रूचं रडार गोंधळवणारी यंत्रं), मिशन कॉम्प्युटर. पहिले दोन नमुने दोन सीटचे होते आणि मागची सीट काढून तिथे चाचणीची यंत्रं ठासून भरली होती. हेच सामान पुढे जगाला विकलं, जुन्या विमानांत नवीन डोकं बसवून द्यायचा धंदाच उभा राहिला. रुमानियाची मिग-२१ विमानं एल्बिट या इस्रायली कंपनीने नव्वदीत नवी करून दिली ती लॅन्सर. लावीसाठी एल्टा या इस्रायली कंपनीने जे रडारचं काम केलं त्याच घराण्यातलं २०३२ रडार आपल्या तेजस मार्क १ मध्ये आहे, आणि गोव्यात दाबोळीला नौदलाचे जे सी हॅरियर होते त्यांच्यावरही शेवटच्या काळात तेच बसवलं होतं. गोव्याला गेलेल्या किती लोकांनी डोक्यावरून ते जाताना पाहिलं असेल.

---

बाळू_नाशिक:

तुम्ही भांडा, मी चहा टाकतो.
ओझरला सुखोईची लाइन बघितलेला माणूस म्हणून एवढंच, कारखाना बंद करणं कागदावर सोपं असतं.

---

अलिबागकर_लोदवाला:

शालोम मंडळी. आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायल (मराठी ज्यू), आता इस्रायलमधल्या लोदला. लावी बनवणारा विमान कारखाना आमच्या इथनं हाकेच्या अंतरावर, विमानतळाला लागूनच, आणि लोद-रामला पट्ट्यात आपले मराठी लोक भरपूर, त्यामुळे "विद्या राहिली" हे वाचून थोडं लिहावंसं वाटलं.

तेव्हा मी शाळेत. निर्णय झाल्यावर कामगारांनी रस्ता अडवला, टायर जाळले, धूर आमच्या गच्चीवरून दिसायचा, आणि आजी मराठीत विचारत होती की लढाई लागली काय रे. सुमारे ५ हजार माणसांची नोकरी गेली. आता त्या ५ हजारात सॉफ्टवेअरवाला किती? ज्याला कंट्रोल सिस्टिमचा कोड लिहिता येत होता त्याला तेल अवीवला तीन ऑफर. पण जो पत्र्याचं काम करायचा, रिव्हेट मारायचा, टूलिंग बनवायचा, चाळिशीच्या पुढचा, हिब्रू मोडकीतोडकी, त्याला कोण स्टार्टअपमध्ये घेणार होतं? काही इंजिनियर तर दक्षिण आफ्रिकेला गेले अशा बातम्या तेव्हा होत्या. आमच्या गल्लीतले एक जण नंतर बरीच वर्षं किराणा दुकान चालवत होते, दुकानात गल्ल्यामागे लावीचं पोस्टर. गिऱ्हाईकाने विचारलं की सगळी कहाणी परत सुरू, दूध घ्यायला गेलेला माणूस अर्ध्या तासाने सुटायचा.

म्हणजे चंदूभाऊ चुकीचं बोलतायत असं नाही. देशाचा फायदा झालाच असेल. फक्त तो ज्यांचा झाला ते लोक वेगळे आणि ज्यांनी किंमत दिली ते वेगळे, एवढं वेगवेगळं लिहा.

---

मीरा_एस:

लोदवाल्या दादांना +१. हा पहिला प्रतिसाद ज्यात माणसं दिसली.

आता आपल्याकडे वळते. आपण मारुत बनवलं होतं, एचएफ-२४, कुर्ट टँक नावाचा जर्मन डिझायनर बंगलोरला आणून. १९६१ मध्ये उडालं. इंजिन कमजोर, ऑर्फियस, त्यामुळे बिचारं कधीच जोरात पळालं नाही, तरी १४७ बनवली आणि १९७१ मध्ये लोंगेवालाला कामाला आली. मग पुढचं विमान काही काढलं नाही, टीम पांगली, आणि १९८३ मध्ये तेजसचा प्रकल्प सुरू केला तेव्हा जवळपास शून्यातून. पहिलं उड्डाण २००१. म्हणजे आपण मारुत रद्द नाही केलं, पण त्यातली विद्या गेली. इस्रायलने लावी रद्द केलं आणि विद्या ठेवली. फरक रद्द करण्यात नाहीये, नंतर त्या लोकांना काय काम दिलं यात आहे. तिकडे अमेरिकेकडून मिळालेल्या मदतीतला वर्षाला ४० कोटी डॉलरचा हिस्सा देशातच खर्च करायची मुभा ठेवून घेतली होती, त्यातून बाकीचे प्रकल्प चालले. हे कोणी बोलत नाही. नुसतं कुलूप लावून टॅलेंट मोकळं सोडलं असतं तर ते अमेरिकेला गेलं असतं, आपल्या आयआयटीवाल्यांसारखं.

---

खडूस_काका:

मीराताई, हा मुद्दा पटला. पण मग धाग्याचं शीर्षकच बदला, "रद्द केलं म्हणून" नाही, "रद्द केल्यावर पैसे मिळाले म्हणून". ज्या देशाला असा भरपाई देणारा मिळत नाही त्याने लावीचं उदाहरण डोळे झाकून घेऊ नये. तेजस बंद केलं तर आपल्याला कोण ४० कोटी डॉलर देणार आहे?

आणि जे-१० बद्दल कोणी काही बोललं नाही अजून. चीनचं ते विमान १९९८ मध्ये उडालं, नाकाशी छोटे पंख, मागे तिकोनी डेल्टा पंख, हवा घ्यायचं तोंड पोटाखाली, लावीचा जुळा भाऊ दिसतो. इस्रायल म्हणतं आम्ही काही दिलं नाही. दिलं असो वा नसो, बंद पडलेल्या प्रकल्पातली माणसं आणि कागद कुठे जातात यावर कोणाचा ताबा राहतो, हा प्रश्न आहेच. पुढे २००० मध्ये चीनला फाल्कन रडारवालं विमान विकायला निघाले तर अमेरिकेने तेही थांबवलं. (ते फाल्कन मग आपल्याला मिळालं, ही आपली मजा.) म्हणजे विमान सोडूनही व्हेटो काही सुटला नाही.

---

लोहगावकर:

व्हेटो लावी असतं तरी होताच काका, इंजिनावरून. आत्ताची परिस्थिती बघा, अमेरिकन एफ-३५ चे पंख आयएआय (लावी बनवणारी इस्रायलची सरकारी विमान कंपनी) स्वतः इस्रायलमध्ये बनवून अमेरिकेला पाठवते. लावीच्या वेळी पंख ग्रुमनकडून यायचे, आता उलटा प्रवाह. आणि एफ-३५ ची त्यांची आवृत्ती अदीर घ्या, त्यात स्वतःची इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर यंत्रणा घालायची परवानगी फार थोड्यांना मिळाली, त्यात ते आहेत. ही पत १९८७ नंतरच्या कामातून कमावली.

---

खडूस_काका:

पंख बनवून पाठवतात हे बरोबर, पण सुटे भाग कोणाच्या हातात आहेत? उद्या वॉशिंग्टनमध्ये कोणी रुसलं तर अदीर किती दिवस उडेल ते सांगा. लावीचंही इंजिन त्यांचंच होतं हे मान्य, पण पुढच्या विमानाला इंजिन स्वतःचं करू हा विचार तरी कोणाच्या डोक्यात आला असता. आता फायटर बनवायचा विचारच संपला. मोशे आरेन्स स्वतः एरोनॉटिकल इंजिनियर, त्यांनी याच निर्णयावर मंत्रिपद सोडलं, त्यांना हिशोब कळत नव्हता असं तर नाही ना?

---

चौकस_चंदू:

आरेन्सना हिशोब कळत होता, निसिमनाही कळत होता, म्हणून तर १२-११ झालं. आरोग्यमंत्री शोशाना अर्बेली-अल्मोझलिनो तटस्थ राहिल्या म्हणून, नाहीतर १२-१२ होऊन आपण आज वेगळाच धागा वाचत असतो. बाकी काका, तुमच्या सूचनेवर शीर्षक बदलायला संपादकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आणि काका, तेजसच्या कावेरी इंजिनावर तुम्हीच धागा काढा आता, मी येतो भांडायला.