स्प्रेडर कोणताही घ्या, पण पडणारं खत मोजा
स्प्रेडर म्हणजे ट्रॅक्टरमागची शेणखत, कोंबडीखत रानात पसरणारी ट्रॉली. तो उभ्या रोटरचा (खत फेकणाऱ्या फिरत्या दांड्यांचा) घ्यावा की आडव्या, यावर बरीच चर्चा होते. उभे रोटर खत लांब फेकतात, पट्टा रुंद मिळतो. आडव्यांचा पट्टा साधारण ट्रॉलीच्या रुंदीएवढाच. हे खरंच आहे. पण रानात नेमकं किती खत पडतंय, हे त्याहून महत्त्वाचं आणि तेच कुणी मोजत नाही.

2 मीटर बाय 2 मीटरची ताडपत्री रिकामी तोलून घ्या आणि वाटेत अंथरा. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, यंत्र फिरवणारा दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांवर ठेवून नेहमीच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर तिच्यावरून न्या. नंतर खतासकट तोला. 4 किलो खत भरलं तर हेक्टरी 10 टन. दुसरी ताडपत्री पट्ट्याच्या कडेला टाका, तिथे हमखास कमी पडतं. म्हणून पुढचा फेरा आधीच्या कडेवर थोडा चढवून घ्यावा. खत जास्त पडत असेल तर खत रोटरकडे सरकवणाऱ्या तळाच्या साखळीचा वेग कमी करा. पीटीओचे फेरे मात्र कमी करू नका, ढेकळं फुटत नाहीत.

पसरलेलं खत शक्यतो त्याच दिवशी मातीत मिसळा. उघड्यावर अमोनिया उडून जातो, कोंबडीखतातून तर फारच.

आणि कळकळीची विनंती: रोटरला दावं किंवा सुतळी गुंडाळली तर ट्रॅक्टर बंद करून, किल्ली खिशात टाकून, रोटर पूर्ण थांबल्यावरच हात घाला. नुसता पीटीओ सोडवून भागत नाही.