रेडिओ निवेदनातून स्वयंसेवी संस्थेच्या प्रसिद्धी आणि निधीसंकलन विभागात : सल्ला हवा आहे

निवेदिका_नाशिक

नमस्कार. मी बरीच वर्षे नाशिकमध्ये खासगी रेडिओवर सकाळचा कार्यक्रम सादर करते आणि त्याआधी एका मराठी वृत्तवाहिनीवर निवेदिका होते. बालशिक्षणात काम करणाऱ्या एका संस्थेने मला प्रसिद्धी आणि निधीसंकलन प्रमुख या पदासाठी विचारले आहे. काम मला मनापासून करायचे आहे, पण श्रोत्यांशी बोलणे आणि देणगीदाराकडे पैसे मागणे यांत किती अंतर आहे, याचा अंदाज येत नाही. होकार देण्यापूर्वी संस्थेला काय विचारावे आणि माध्यमांतून या क्षेत्रात गेलेल्या कोणाचे काम अभ्यासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कोरेगावकर

ताई, पाणी फाउंडेशनचे काम बारकाईने पाहा, असे मी सुचवेन. आमिर खान आणि किरण राव यांनी २०१६ साली ही संस्था सुरू केली आणि 'सत्यमेव जयते' या दूरचित्रवाणी मालिकेचे दिग्दर्शक सत्यजित भटकळ यांनी तिची धुरा उचलली. गावांतील जलसंधारणाच्या कामाची तिची वॉटर कप स्पर्धा पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या ३ तालुक्यांत झाली, पुढच्या वर्षी ती ३० तालुक्यांत पोहोचली आणि २०१८ मध्ये ७५. पहिल्या वर्षी आमच्या तालुक्यातले वेळू गाव जिंकले.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तेथे प्रसिद्धी कामानंतर चिकटवलेली नव्हती. गावाने आधी माणसे प्रशिक्षणाला पाठवायची, मग श्रमदान करायचे आणि त्या श्रमदानाच्याच कथा पडद्यावर यायच्या. त्यामुळे शेजारच्या गावाला आपणही हे करू शकतो असे वाटायचे. माध्यमातल्या माणसाला गोष्टीची चढण कळते आणि येथे त्या जाणिवेचा उपयोग कामाची रचना करण्यासाठीच झाला. काही जलतज्ज्ञांनी या कामाच्या शास्त्रीय बाजूविषयी आक्षेपही घेतले आहेत. तेही जरूर वाचा, कारण उद्या असे प्रश्न प्रथम तुमच्याकडेच येतील.

हिशेबनीस

मी संस्थांचे हिशेब पाहतो, म्हणून त्या बाजूचे सांगतो. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, सगळे जिला ८०-जी म्हणतात ती नोंदणी चालू आहे का आणि लेखापरीक्षण वेळेवर होते का, हे पहिल्याच भेटीत विचारा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. तो निधी, म्हणजे सीएसआर, घेण्यासाठी संस्थेची केंद्र सरकारकडे सीएसआर-१ ही नोंदणी लागते, पण हा पैसा बहुधा विशिष्ट प्रकल्पाशी बांधलेला असतो. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चासाठी त्या देणगीतले २० टक्क्यांपेक्षा अधिक वापरता येत नाहीत. म्हणून तुमचे वेतन नेमक्या कोणत्या निधीतून निघणार आणि तो निधी किती काळ पुरेल, हे संकोच न करता विचारा. ज्या संस्थेला याचे उत्तर देता येत नाही, तेथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंगणवाडीमित्र

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट फार जपावी लागेल. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मनाई करते. वृत्तवाहिनीवर तुम्ही हा नियम पाळलाच असेल, पण देणगीच्या आवाहनात रडणारा चेहरा वापरण्याचा दबाव फार मोठा असतो आणि तो अनेकदा चांगल्या हेतूनेच येतो. संस्थेचे बालसंरक्षण धोरण लेखी स्वरूपात मागून घ्या. पहिले आवाहन लिहिण्यापूर्वी काही आठवडे केवळ वर्गात बसा आणि शिक्षिकांचे बोलणे ऐका. नंतर २ ते ८ ऑक्टोबरच्या दानोत्सवात, म्हणजे देशभर साजऱ्या होणाऱ्या दानाच्या आठवड्यात, लहानसा उपक्रम घेऊन पाहा. त्या आठवड्यात लोक द्यायला तयार असतात आणि मागण्याची भीड चेपते.

निवेदिका_नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वेतनाच्या निधीचा प्रश्न मला सुचलाच नसता. आठवड्यातून एक कार्यक्रम चालू ठेवून हे पद सांभाळता येईल का?

कोरेगावकर

येईल, पण दोन्हीकडे लेखी कळवूनच. त्या कार्यक्रमात आपल्या संस्थेसाठी आवाहन करू नका आणि तिच्या देणगीदारांच्या मुलाखतीही घेऊ नका. करायच्याच झाल्या, तर तुमचे संस्थेशी असलेले नाते सुरुवातीलाच श्रोत्यांना सांगा.